जॉर्ज कोलमन आणि सिंगापूरची विटा-चुन्याची शाळा

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना पूर्वेकडे प्रवास करताना सिंगापूरला एक-दोन दिवस थांबण्याचा योग आला असेल. त्या शहराच्या व्यापाराचे काळीज म्हणजे रॅफल्स प्लेस. बँका आणि मोठमोठ्या पेढ्या यांच्या इमारती तेथे आकाशाला भिडलेल्या आहेत. त्यांपैकी काहींची उंची २८० मीटर भरते. चौकाच्या पोटात भुयारी आगगाडीचे स्टेशन आहे आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या म्हणजे तेथे पाय ठेवावयास जागा उरत नाही.

हाच चौक दोनशे वर्षांपूर्वी एक लहानशी टेकडी होता, आणि टेकडीला लागून नदीच्या काठाने दलदल पसरली होती. १८२२ साली सर स्टॅम्फर्ड रॅफल्स यांच्या हुकमाने दोन-तीनशे मजूर लावून ती टेकडी फोडण्यात आली आणि तिची माती नदीकाठच्या चिखलात भरण्यात आली. भरलेल्या जागेवर पुढे बोट क्वे हा धक्का झाला, आणि टेकडीच्या जागी जे सपाट मैदान निघाले तेथे व्यापाऱ्यांचा चौक आखण्यात आला. त्याला प्रथम कमर्शियल स्क्वेअर म्हणत. १८५८ साली त्याचे नाव रॅफल्स प्लेस असे ठेवण्यात आले.

घर बांधणाऱ्याचा पहिला धडा ह्या टेकडीच्या गोष्टीत आला आहे. वीट हाती घेण्यापूर्वी जमीन पाहावी लागते. पाणी कोठून येते व कोठे जाते हे पाहावे लागते. हा धडा आणि त्यापुढचे सारे धडे ज्याने ह्याच गावात राहून गिरवले, त्या जॉर्ज ड्रमगूल कोलमन या वास्तुशिल्पकाराची ही हकिकत आहे. सिंगापूरच्या जुन्या शहराला जे रूप आले, त्यात ह्या एका माणसाचा वाटा फार मोठा आहे.

कोलमन यांचा जन्म १७९५ साली आयर्लंडमधील द्रोहेदा ह्या बंदराच्या गावी झाला. वडील बांधकामाच्या सामानाचे व्यापारी होते. तेव्हा लाकूड, चुना व दगड या वस्तू मुलाला लहानपणापासून माहितीच्या असणार. त्या काळी आजच्यासारखी वास्तुशास्त्राची कॉलेजे नव्हती. जाणत्या माणसाच्या हाताखाली राहावयाचे, नकाशे उतरवून काढावयाचे, कामावर जाऊन गवंड्याचे व सुताराचे हात पाहावयाचे, हेच शिक्षण. आपल्याकडे पुण्यास १८५४ साली सरकारी बांधकामावरील दुय्यम नोकरांसाठी इंजिनियरिंगचा वर्ग निघाला. त्याच्या आधीची पिढी अशीच काम करता करता तयार झाली होती.

१८१५ साली, वयाच्या विशीत पाऊल टाकता टाकता, कोलमन यांनी घर सोडले आणि कलकत्ता गाठले. तेथे त्यांनी व्यापाऱ्यांसाठी घरे बांधण्याचा व्यवसाय सुरू केला. त्या वेळच्या कलकत्त्यात इंग्रज लोक ग्रीक व रोमन घाटाचे खांब लावून मोठमोठे बंगले बांधीत होते. परंतु खांब जरी युरोपातले असले तरी ऊन आणि पाऊस बंगालचाच होता. कागदावर सुंदर दिसणारे घर वैशाखात भट्टीसारखे तापले किंवा श्रावणात भिंतीतून पाझरू लागले, तर मालक वास्तुशिल्पकाराला दोष देणारच. तेव्हा ह्या तरुणाला आपली आयर्लंडमधली विद्या बंगालच्या हवेशी जुळवून घेणे भाग होते.

कलकत्त्याचे मोठे व्यापारी जॉन पामर यांचा त्यांच्यावर लोभ होता. त्यांच्या ओळखीने कोलमन यांना बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे दोन चर्चे बांधण्याचे काम येणार होते. १८१९ साली ते त्यासाठी जावा बेटाकडे निघाले. ती चर्चे काही झाली नाहीत. परंतु परदेशात गेलेल्या माणसाला हात बांधून बसता येत नाही, हे आपल्यासारख्या देश सोडलेल्यांना कोणी सांगावयास नको. जावामध्ये त्यांनी मिळेल ते काम केले, आणि १८२२ च्या जूनमध्ये पामर यांचे शिफारसपत्र घेऊन ते सिंगापूरला उतरले.

त्या वेळी इंग्रजांच्या ठाण्याला अवघी तीन वर्षे झाली होती. रॅफल्स स्वतः सुमात्रा बेटावरील बेंकुलेन येथे होते. ते ऑक्टोबरमध्ये परत आले. फोर्ट कॅनिंग म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर त्यांना राहण्यासाठी घर हवे होते. त्याचा नकाशा कोलमन यांनी करून दिला. हे घर लाकडाचे होते आणि वर छप्पर झावळ्यांचे. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये. हाताशी जे असेल त्याने निवारा करावा, ही तेथलीही रीत आहे.

ह्याच वर्षी रॅफल्स यांनी शहराच्या आखणीचे नियम घालून दिले. प्रत्येक जातीच्या लोकांना वेगवेगळे मोहल्ले, रुंद व सरळ रस्ते, विटांची व कौलांची घरे, आणि प्रत्येक घरापुढे सलग पडवी, म्हणजे पावसापाण्यात व उन्हात पायी जाणाऱ्याला रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आडोसा मिळावा. जुन्या सिंगापुरात ह्या पडव्या अजूनही पाहावयास मिळतात. शहराच्या ह्या आखणीत कोलमन यांचाही सल्ला घेतला गेला होता. नंतर ते पुन्हा जावाला गेले आणि १८२६ साली कायमचे म्हणून सिंगापूरला परत आले.

आता व्यापार वाढू लागला होता. कमर्शियल स्क्वेअरभोवती पेढ्या व वखारी उभ्या राहत होत्या आणि त्या चालवणाऱ्यांना शोभेशी घरे हवी होती. जॉन आर्गाइल मॅक्सवेल नावाच्या व्यापाऱ्यासाठी कोलमन यांनी नदीच्या पलीकडच्या काठाजवळ एक मोठे घर बांधले. ते १८२७ साली पुरे झाले, परंतु मालक त्यात कधी राहावयास गेलाच नाही. सरकारने ते भाड्याने घेऊन तेथे कोर्ट भरवले. पुढे अनेक फेरफार होऊन ह्याच इमारतीत सिंगापूरची लोकसभा १९९९ पर्यंत बसत असे, आणि आता तेथे कलाकेंद्र आहे. सिंगापुरात आजवर टिकलेल्या सरकारी इमारतींत ही सर्वांत जुनी मानली जाते.

स्वतःसाठीही त्यांनी १८२९ साली एक घर बांधले. ज्या रस्त्यावर ते होते त्याला आज त्यांचेच नाव आहे. ते घर १९६५ साली पाडले गेले. परंतु त्यांच्या घरांची ठेवण कशी होती ते उरलेल्या इमारतींवरून समजते. जमीन ओलसर, म्हणून जोते उंच. उन्हाचा मारा सरळ भिंतीवर येऊ नये, म्हणून भोवती रुंद व्हरांडे आणि बाहेर आलेली छपराची पागोळी. गरम हवा वर चढते, म्हणून खोल्यांची उंची भरपूर. पाऊस आत न येता वारा यावा, म्हणून खिडक्यांना तिरक्या फळ्यांच्या झडपा. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे. वर्षभर उकाडा असतो आणि वर्षाकाठी सुमारे २३०० ते २४०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या पावसाइतकाच तो म्हणावा, फरक एवढाच की तेथे तो बारा महिन्यांत विभागलेला असतो, त्यामुळे भिंतीला वाळावयास सवडच मिळत नाही.

आपल्यापैकी ज्यांनी अलिबाग, रेवदंडा, पेण वा रोहा येथील जुनी घरे पाहिली असतील, त्यांना ही सर्व लक्षणे ओळखीची वाटतील. पडवी, ओटी, उंच जोते, उतरते छप्पर ही आपल्या आजा-पणजांनी कोणत्याही वास्तुशिल्पकाराला न विचारता केलेली सोय होती. कोलमन यांचे मोठेपण असे की त्यांनी तीच अक्कल ग्रीक खांबांच्या आड अशा बेताने बसवली की इमारतीची शोभाही राहिली व राहणाऱ्याला सुखही झाले.

भिंत कशी बांधतात, हे आता थोडे पाहू. कोलमन यांच्या हयातीत आजचे सिमेंट नुकते कोठे जन्माला येत होते. इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली घेतले गेले. पूर्वेकडे सारी मदार चुन्यावर होती. शिंपले किंवा समुद्रातले पोवळ्याचे दगड भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेपर्यंत भाजले की त्यांतला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो रटरट शिजू लागतो व फुटून त्याची भुकटी होते. हा विरवलेला चुना वाळूबरोबर किंवा विटांच्या सुरखीबरोबर मळून विटांमध्ये भरतात. मग तो हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड बनतो. ह्याला महिने लागतात, कधी वर्षेही लागतात. घाई करणाऱ्याला चुना साथ देत नाही.

आपल्याकडे चुना मळण्यासाठी बैलाची घाणी असते. गोल चरात दगडी चाक फिरते आणि त्याखाली चुना बारीक होत जातो. ज्या समाजाला कोकणात शनवार तेली म्हणत, त्याला घाण्याचे वेगळे वर्णन करून सांगावयास नको. तेल असो वा चुना असो, जेवढे जास्त मळावे तेवढा माल चांगला.

भिंतीचे बाकी नियमही साधेच आहेत. ओळंबा सोडून भिंत सरळ उभी आहे ना ते पाहावे. पाणसळीने थर सपाट आहे ना ते पाहावे. गुण्याने कोपरा काटकोनात आहे ना ते पाहावे. आणि सांधेमोड करावी, म्हणजे एका थरातील विटांचा सांधा वरच्या थरातील सांध्याच्या खाली येऊ देऊ नये. हे चार नियम मोडून बांधलेली भिंत कितीही मोठ्या माणसाने काढलेल्या नकाशावरची असली तरी टिकत नाही.

आता ह्या विटा लावल्या कोणी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. ह्या कथेचा हा भाग फारसा सांगितला जात नाही. १८२४ च्या तहाने इंग्रजांनी बेंकुलेन डच लोकांना देऊन टाकले. तेथे हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी होते. त्यांना १८२५ साली सिंगापूरला आणले गेले. आरंभी ते मद्रास व बंगालकडचे होते. पुढे मुंबई इलाख्यातूनही कैदी येऊ लागले. १८३३ साली कोलमन यांची सरकारी बांधकामाचे सुपरिंटेंडेंट म्हणून नेमणूक झाली आणि ह्या कैद्यांवरील देखरेखही त्यांच्याकडे आली. दलदल भरून काढणे, चर खोदून पाणी काढून देणे, नॉर्थ ब्रिज रोड व साउथ ब्रिज रोड हे शहराचे दोन मुख्य रस्ते तयार करणे, ही कामे त्यांनी ह्याच लोकांच्या हातून करून घेतली.

शहराची मोजणी कोलमन यांनी १८२९ साली केली होती. तिच्या आधारे तयार झालेला नकाशा १८३६ साली कलकत्त्यास छापला गेला आणि त्या काळच्या सिंगापूरबद्दल आज आपल्याला जे समजते त्यातील बरेचसे ह्या नकाशावरून समजते. मोजणीचे काम धोक्याचेही होते. १८३५ च्या सुमारास गावाबाहेरच्या जंगलात कैद्यांना घेऊन ते रस्त्याची आखणी करीत असता वाघाने एकाएकी झेप घातली. ती नेमकी मोजणीच्या दुर्बिणीवर पडली आणि यंत्र मोडले. एका जर्मन चित्रकाराने पुढे ह्या प्रसंगाचे चित्र काढले, आणि ते आजही सिंगापूरच्या इतिहासाच्या पुस्तकांतून दिसते.

ह्याच वर्षांत त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या इमारतीचे काम चालू होते. सिंगापुरातील आर्मेनियन लोक संख्येने थोडे होते. मोजून बारा कुटुंबांनी जवळजवळ निम्मा पैसा दिला आणि बाकीचा बाहेरून जमला. छोट्या समाजाने पदरमोड करून प्रार्थनास्थळ उभारावे, ही गोष्ट आपल्या वाचकांना मनापासून समजेल. १८३५ च्या जानेवारीत पाया घातला गेला आणि १८३६ च्या मार्चमध्ये चर्चची प्रतिष्ठापना झाली. आत गोल दालन, बाहेर चारी बाजूंना खांबांच्या पडव्या, वारा चोहोंकडून खेळता. आजही ही इमारत उभी आहे आणि कोलमन यांचे सर्वोत्तम काम म्हणून दाखवली जाते.

परंतु तीतही एक उणीव राहिली होती. मधोमध त्यांनी घुमट व त्यावर घंटाघर बांधले होते. खालच्या गोल दालनाला ते वजन झेपेना. काही वर्षांनी ते धोक्याचे ठरवून उतरवण्यात आले, आणि सध्याचा मनोरा १८५३ च्या सुमारास जॉर्ज मॅडॉक यांनी बांधला. सेंट अँड्र्यूज चर्चची तर ह्याहून वाईट गत झाली. कोलमन यांनी ते १८३५-३६ मध्ये बांधले तेव्हा त्यावर मनोरा नव्हता. मंडळींना मनोऱ्यावाचून शोभा वाटेना, म्हणून १८४२ साली दुसऱ्या एका इंजिनियरकडून तो चढवण्यात आला. १८४५ आणि १८४९ साली त्या इमारतीवर वीज पडली. १८५२ साली ती बंद केली गेली व १८५५ साली पाडली गेली. वजन आणि उंची ही नंतर सुचलेल्या हौसेची कामे नव्हेत; त्यांचा हिशेब पाया घालतानाच करावा लागतो.

कोलमन यांनी १८४० साली नदीवर विटांच्या कमानींचा पूल बांधला. त्याच सुमारास, १८४०-४१ मध्ये, कॉल्डवेल नावाच्या कोर्टातल्या कारकुनासाठी त्यांनी एक घर बांधले. त्याच्या वरच्या मजल्याला अर्धगोल सज्जा आहे. ते घर पुढे कॅथलिक साध्वींनी शाळेसाठी घेतले आणि ते अजूनही आहे. पूल मात्र १८६५ साली बदलला गेला आणि त्यानंतरही दोनदा नवा झाला. कोलमन ब्रिज हे नाव तेवढे कायम आहे.

ह्याच वर्षी, १८४१ साली, बोट क्वे व रॅफल्स प्लेस यांच्यामधल्या भागात बगदादकडून आलेल्या यहुदी व्यापाऱ्यांनी आपले पहिले प्रार्थनालय थाटले. साधे दुकानवजा घर होते आणि चाळीसएक माणसे मावत. त्या रस्त्याला सिनेगॉग स्ट्रीट हे नाव पडले व ते आजतागायत चालू आहे. समाज वाढल्यावर १८७८ साली वॉटर्लू स्ट्रीटवर मोठी इमारत झाली. तिचे नाव मागेन अबोथ. आपल्या अलिबागच्या मशिदीचे नावही तेच आहे. जाड भिंती, कमानी, उंच छत, दारापुढे गाडी उभी करण्याची छायेची जागा, ही कोलमन यांच्या वेळेपासून त्या गावात रुळलेली बांधणी तेथेही दिसते.

१८४१ च्या जुलैमध्ये कोलमन युरोपला परत गेले. आयर्लंड सोडून पंचवीसाहून अधिक वर्षे लोटली होती. तिकडे त्यांनी १८४२ साली लग्न केले. परंतु ज्या देशात आपण तरुणपणी वाढलो तो परत गेल्यावर आपला राहिलेला नसतो, हा अनुभव त्यांनाही आला असावा. त्यांचे मन तेथे रमले नाही आणि १८४३ च्या नोव्हेंबरमध्ये ते पत्नीसह सिंगापूरला परत आले. चारच महिन्यांनी, २७ मार्च १८४४ रोजी, तापाने त्यांचे निधन झाले. ज्या टेकडीवर त्यांनी रॅफल्स यांचे घर बांधले होते, तिच्याच उतारावरील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. तेथे दोन लहान घुमटाकार मंडप आहेत. तेही त्यांनीच योजले होते असे समजतात.

त्यांच्यामागे त्यांची शाळा मात्र चालू राहिली. पाडलेल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या जागी १८५६ साली नव्या चर्चचा पाया घातला गेला व १८६१ साली तेथे पहिली उपासना झाली. हे काम हिंदुस्थानी कैद्यांनीच केले. आतल्या गिलाव्यासाठी त्यांनी मद्रासकडची रीत वापरली. शिंपल्याचा चुना, अंड्यांतला पांढरा बलक व गूळसाखर एकत्र मळावयाचे, त्यात नारळाची सोडणे भिजत घातलेले पाणी घालावयाचे, आणि भिंतीवर चढवल्यावर गुळगुळीत स्फटिकाने घासावयाचे. संगमरवरासारखी तकाकी येई. ही रीत कोणा साहेबाने पुस्तकातून शिकवली नव्हती. ती हातांमधून समुद्र ओलांडून आली होती.

तुरुंगात पुढे वीट पाडणे, चुना भाजणे, सुतारकाम, लोहारकाम असे धंदे रीतसर शिकवले जाऊ लागले. १८५८ साली सरकारी वीटभट्टी निघाली, आणि तेथल्या कैद्यांच्या विटांना १८६७ साली आग्र्याच्या प्रदर्शनात रुपेरी पदक मिळाले. गव्हर्नरचा वाडा, ज्यात आज सिंगापूरच्या अध्यक्षांचे निवासस्थान आहे, तोही १८६७ ते १८६९ मध्ये ह्याच लोकांनी बांधला. १८७३ साली हे कैदी ठाणे बंद झाले. साखळदंड घेऊन आलेल्या माणसांच्या हाती जाताना एक कसब होते.

कोलमन यांचे नाव रस्त्याला आहे व पुलाला आहे. ते त्यांनी आपल्या कामाने मिळवले आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण ज्यांनी त्यांच्या नकाशातली रेघ ओळंब्याने भिंतीत उतरवली, त्या हिंदुस्थानी माणसांपैकी एकाचेही नाव कोणत्या दगडावर दिसत नाही. मद्रासचे, बंगालचे आणि आपल्या मुंबई इलाख्याचे ते लोक, गावी परत गेले असोत की तेथेच मातीला मिळाले असोत, सिंगापूरच्या पायात आहेत.

आपल्यापैकीही अनेकांनी अश्दोद, लोद, दिमोना, बेर-शेवा येथे नव्या गावात नवे घर मांडले आहे. परक्या हवेत घर उभे करावयाचे तर तिथल्या मातीला, पाण्याला आणि उन्हाला विचारावे लागते, आणि आपण बरोबर आणलेले कसबही टाकून देऊन चालत नाही. कोलमन आणि त्यांचे अनामिक कारागीर ह्या दोघांनी मिळून हेच केले. तेव्हा सिंगापूरला जाणे झालेच, तर रॅफल्स प्लेसच्या उंच इमारती पाहून झाल्यावर नदीपलीकडच्या आर्मेनियन चर्चपर्यंत पायी जावे आणि त्याच्या पडवीत क्षणभर उभे राहावे. बाहेर कितीही उकडत असले तरी तेथे वारा लागतो. तो वारा लागावा म्हणून कोणीतरी फार विचार केला होता आणि कोणीतरी फार घाम गाळला होता, हे तेवढे मनात असू द्यावे.